हिरव्या छताचं साठवलेलं पाणी दर दिवाळीला का सडतं?

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचीही हीच तक्रार आहे का ते लगेच कळेल. इमारतीच्या किंवा पोडियमच्या (पार्किंगवरच्या मोकळ्या मजल्याच्या) छतावर माती टाकून बाग केलेली आहे. तिथून निथळणारं पावसाचं पाणी पाइपाने खाली टाकीत येतं आणि पंप लावून ठिबकने खालच्या बागेला द्यायचं, असा बेत आहे. जूनमध्ये टाकी भरते. जुलै संपेपर्यंत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. गणपतीत झाकण उघडलं की कुबट वास येतो आणि दिवाळीत सडक्या अंड्यांचा. नोव्हेंबरात निम्मे ड्रिपर बंद पडतात. मग टाकी उपसायची, घासायची, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची, ठिबकच्या नळ्या बदलायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी पुण्यात सोसायट्यांच्या बागांचं पाणी आणि ठिबक बघते. बाणेरच्या बाजूला एका सोसायटीत हा प्रकार लागोपाठ तीन वर्षं झाला. तिथे क्लबहाउस आणि पोडियम मिळून ४०० चौरस मीटर हिरवं छत आहे आणि खाली ४०,००० लिटरची काँक्रीटची टाकी. पहिली दोन वर्षं मीही टाकीच साफ करून घेत होते. तिसऱ्या वर्षी जूनच्या पावसात छतावर गेले आणि पाइपात उतरणारं पाणी तिथेच बाटलीत धरलं. ते तेव्हाच तपकिरी होतं. म्हणजे दोन वर्षं मी चुकीच्या जागी पैसे खर्च करायला लावले होते.

आधी बाटल्या भरा

टाकीवाल्याला किंवा प्लंबरला फोन करण्याआधी हे एवढं करा. स्वच्छ काचेच्या तीन बाटल्या घ्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्याही चालतील. पाऊस चांगला लागलेला असताना तीन ठिकाणचं पाणी भरा: छतावर पाइपाच्या तोंडाशी, टाकीत पाणी पडतं तिथे, आणि ठिबकच्या सगळ्यांत लांबच्या नळीची टोपी काढून. चिठ्ठ्या चिकटवा आणि बाटल्या रात्रभर हलवू नका. सकाळी मागे पांढरा कागद धरून बघा.

तळाशी मातीचा थर बसलाय आणि वरचं पाणी नितळ आहे, तर तो साधा गाळ. मातीखालचं, पाणी गाळून माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड कुठेतरी फाटलंय किंवा कडेला भिंतीवर वर न चढवता तसंच कापून सोडलंय. बहुतेक वेळा कडाच निघतात. रात्र उलटूनही पाणी गढूळच राहिलं तर ती बारीक चिकणमाती. छतावर कोणीतरी शेतातली काळी माती आणून टाकली असेल. तुरटी फिरवली की ती बसते, पण दर पावसाला ४०,००० लिटरला तुरटी किती फिरवणार? काळी माती छतावर नकोच. ती फुगते, भेगाळते आणि कापडाची छिद्रंही बुजवते. पाणी हिरवट असेल तर टाकीत कुठून तरी उजेड शिरतोय. झाकणाची फट शोधा, शेवाळ उजेडाशिवाय वाढत नाही.

चौथा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो आणि त्याचंच निदान सगळ्यांत जास्त चुकतं. पाणी अगदी पारदर्शक असतं, तळाला काही नसतं, पण रंग मात्र दूध घालण्याआधीच्या चहाचा. तो अर्क असतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत, कुजणारी पानं यांतून विरघळून आलेले सेंद्रिय पदार्थ. फिल्टरच्या जाळीतून ते सहज पार होतात, गाळासारखे बसत नाहीत आणि टाकी घासून जात नाहीत. बाणेरच्या तिन्ही बाटल्या अशाच निघाल्या. टीडीएस मीटर बुडवला तर छतावरच्या पाण्याचा आकडा ६४० पीपीएम आला. त्याच दिवशी मोकळ्या जागी पातेल्यात धरलेल्या पावसाचा आकडा २० च्या आत होता. मीटर क्षार मोजतो, रंग मोजत नाही; म्हणजे रंगाबरोबर क्षारही धुऊन येत होते. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड भरपूर असतात, हे त्याचं कारण.

एक गोष्ट स्पष्ट करते. हा रंग झाडांना घातक नाही. नुसता रंग घालवण्यासाठी कोणी महागडा फिल्टर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्रास पुढे होतो: हा अर्क म्हणजे जिवाणूंचं खाणं. बंद टाकीत ते त्यावर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो संपला की प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि खतातून आलेल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. दिवाळीतला सडक्या अंड्यांचा वास तो हाच.

दरवर्षीच का, याचं उत्तर मे महिन्यात आहे

छतावर कोणतं खत कधी पडतं, हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माळीमामा म्हणाले, “ताई, पावसाच्या तोंडावर शेणखत घातलं की झाडं जोर धरतात. आमच्याकडं तसंच करत्यात.” त्यांचं शेताच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. शेतात खाली हातभर तरी जमीन असते, खताचा अंश ती धरून ठेवते. छतावर १२ सेंटिमीटर माती, तिच्याखाली कापड, त्याखाली ड्रेन सेल (पाणी वाहून जायला प्लास्टिकच्या पोकळ जाळ्या) आणि मग थेट पाइप. मुळांनी उचलायच्या आत जुलैचा पाऊस खताचा काढा करून टाकीत नेऊन सोडतो.

शिवाय दर मे महिन्यात मातीची पातळी दोन बोटं खाली गेलेली दिसायची. मग मामा कोकोपीटच्या विटा भिजवून, न धुता, वर पसरायचे. पातळी का खाली जात होती? कारण मूळ मिश्रणच जवळजवळ अर्धं कोकोपीट होतं. सेंद्रिय पदार्थ कुजून आटतात, मग भर घालावी लागते, तीही कुजते. दर पावसाळ्याच्या तोंडावर टाकीसाठी नवा काढा उकळायला ठेवल्यासारखंच होतं हे.

उपाय खर्चाचा नाही, वेळापत्रक बदलण्याचा आहे. छतावरचं खत पावसाआधी बंद. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला की, चाळलेलं गांडूळखत थोडं थोडं करून दोन-तीन हप्त्यांत द्या. परतीच्या सरी आल्याच तर त्या दिवसांत टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. मातीची भर घालायचीच असेल तर भाजक्या विटांचा चाळलेला चुरा आणि पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) यांचं मिश्रण वापरा. सेंद्रिय भाग आकारमानाने दहा-पंधरा टक्क्यांच्या वर नको. कोकोपीट घ्यावंच लागलं तर भिजवून पिळा, ते पाणी टाका, आणि निघणारं पाणी फिकं होईपर्यंत हे दोन-तीनदा करा. भर घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा विचारा. विटांचा चुरा कोकोपीटपेक्षा बराच जड असतो आणि भिजल्यावर आणखी जड होतो.

माळीमामांना हे पटवताना मी त्यांना बाटलीच दाखवली. छतावरच्या एका वाफ्यात खत घातलं, दुसऱ्यात नाही, दोन्हींत झारीने पाणी घातलं आणि खाली निथळलेलं दोन बाटल्यांत धरलं. खताच्या वाफ्याची बाटली त्यांनी बराच वेळ उजेडात फिरवून बघितली आणि म्हणाले, “म्हंजे खत खाली चाललंय की सगळं.” त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

पहिला पाऊस सोडून देण्याचा नियम इथे लागू पडत नाही

पर्जन्यजल साठवणीचं माहितीपत्रक काढलं की त्यात पहिल्या पावसाचं पाणी वाहू द्या असं लिहिलेलं असतं. काँक्रीटच्या गच्चीला किंवा पत्र्याला ते योग्य आहे. पहिले एक-दोन मिलिमीटर धूळ आणि पाखरांची घाण घेऊन जातात, मग स्वच्छ पाणी येतं. हिरव्या छतावर पहिला पाऊस खाली येतच नाही, कोरडी माती तो पिऊन टाकते. माती तुडुंब झाल्यावर जे उतरतं ते मातीत मुरून, तिचा अर्क घेऊन उतरतं, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. त्यामुळे आपोआप पहिलं पाणी बाहेर टाकणारं उपकरण इथे बसवून उपयोग नाही. टाकीच्या आधी हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बसवा आणि बाटलीचा रंग बघून तो उघडा.

“एवढं पाणी वाया?” असं समितीत लगेच कोणीतरी म्हणतं. तेव्हा हा हिशोब मांडा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर धरले तरी ४०० चौरस मीटरवर २,८०,००० लिटर पडतात. त्यातलं निम्मं माती आणि झाडं ठेवून घेतात असं धरू. तरी १,४०,००० लिटर खाली येतात आणि टाकी आहे ४०,००० ची. एक लाख लिटर कोणत्या ना कोणत्या मार्गाने जाणारच आहेत. मग चाळीस हजार निवडायचेत तर जूनचे काळे कशाला निवडायचे? ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिळून दोनशे मिलिमीटर पाऊस धरला तरी त्याच हिशोबाने ४०,००० लिटर येतात, आणि तोवर माती धुऊन निघालेली असते. जून-जुलैत टाकी निम्मी भरा, पावसाने दडी मारली की तेच वापरा, आणि ऑगस्टच्या मध्यापासून पूर्ण भरायला घ्या. सोडून दिलेलं रंगीत पाणी जमिनीवरच्या बागेत मुरू द्या. बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात मात्र सोडू नका, अर्क आणि खत भूजलात जायला नको.

छतांचं पाणी असं साठवून वापरणं इतरत्रही चालतं. बर्लिनच्या पॉट्सडामर प्लाट्झला १९९० च्या दशकात जी नवी वसाहत उभी राहिली, तिथे छतांचं पाणी २,६०० घनमीटरच्या भूमिगत टाक्यांत साठवतात. ते स्वच्छतागृहांना आणि बागेला वापरतात, आणि मधल्या तळ्याचं पाणी देवनळासारख्या पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून फिरवून स्वच्छ ठेवतात.

मेसाठी राखून ठेवलेलं पाणी

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण यामागची भावना चांगली असते. बाणेरच्या समितीने ठरवलं होतं की टाकीतलं पाणी शक्यतो राखून ठेवायचं, मेमध्ये टँकर सुरू झाले की ते कामाला येईल. पण बागेला रोज २,००० लिटर लागतात. भरलेली टाकी हिवाळ्यात वीस दिवस पुरते आणि मेमध्ये मागणी वाढल्यावर दोन आठवडेही नाही. त्या दोन आठवड्यांसाठी सेंद्रिय अर्काचं पाणी सात महिने अंधारात कोंडून ठेवलं तर ते सडणारच. ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की ताजं पाणी लगेच वापरायला काढा आणि नोव्हेंबर अर्धा होईपर्यंत संपवा. तेवढे दिवस बोअरचं पाणी वाचतं. वाचवायचं ते तिथे वाचवा.

टाकीच्या आत

टाकीत तीन बदल केले, तिन्ही प्लंबरच्या एका दिवसाच्या कामाचे.

पाणी वरून धबधब्यासारखं पडत होतं आणि दर सरीला तळाचा गाळ ढवळत होता. पाइप तळापर्यंत नेऊन शेवटी तोंड वर वळवलं. आता पाणी हळूच वर उमलतं आणि गाळ बसलेला राहतो. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची झडप) तळापासून चार बोटांवर होता, म्हणजे पंप अगदी गाळातूनच पाणी ओढत होता. त्याऐवजी लवचिक नळी घेतली, तिच्या तोंडाला बूच घट्ट बसवलेला रिकामा पाच लिटरचा कॅन बांधला. नळीचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर खाली राहतं आणि पातळीबरोबर वर-खाली होतं. पाणी तिथेच सगळ्यांत स्वच्छ असतं. तिसरं, हवा जाण्याच्या पाइपाला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी लावली. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यातून डास होऊन बाहेर पडतो, जाळीला पर्याय नाही. शक्य असेल तर रोज तासभर पाणी टाकीतल्या टाकीत फिरवा, प्राणवायू टिकतो.

टीसीएलबद्दल. ४०,००० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ताजी टीसीएल पावडर साधारण पाव किलो लागते. पण पाण्यात अर्क असेल तर तो अर्कच क्लोरीन खाऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी वास पुन्हा येतो, मग आणखी पावडर पडते. त्यात टीसीएलचा न विरघळणारा पांढरा चुनकट गाळ जाऊन ड्रिपरमध्ये बसतो. अर्क थांबवल्याशिवाय टीसीएल टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. टाकायचीच तर बादलीत कालवून, निवळू देऊन, फक्त वरचं पाणी टाकीत घाला.

आणि कृपा करून हे नीट वाचा. सडलेल्या पाण्याच्या टाकीत माणूस उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे “आता वास गेला, उतर” असं वाटतं तेव्हाच धोका सगळ्यांत मोठा असतो. टाकी साफ करताना एक माणूस कोसळला आणि त्याला काढायला गेलेला दुसराही गेला, अशा बातम्या आपल्याकडे वरचेवर येतात. पाणी आधी बाहेरूनच पंपाने उपसा, सगळी झाकणं उघडी टाका, ब्लोअरने बराच वेळ हवा मारा. वायू तपासण्याचं यंत्र, कमरेला दोर आणि बाहेर कायम उभी माणसं असलेल्या प्रशिक्षित लोकांनाच हे काम द्या. सोसायटीच्या वॉचमनला किंवा माळ्याला हे काम सांगायचं नाही म्हणजे नाही. आत कोणी कोसळलंच तर मागोमाग उडी मारू नका, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

तुंबलेला ड्रिपर फोडून बघा

नळ्या बदलण्याआधी चार-पाच बंद ड्रिपर काढा आणि ब्लेडने उभे चिरा. आत काय आहे त्यावर औषध ठरतं. बोटाला खरखर लागली तर माती; फिल्टर फाटलाय किंवा कोणी जाळी काढून ठेवलीय. तपकिरी, बुळबुळीत, नाकातल्या शेंबडासारखा थर असेल तर जिवाणूंची साय. पांढरा कडक पापुद्रा असेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर तो चुना.

बाणेरला मला दोन्ही मिळाले, आतून साय आणि तोंडाशी चुना. चुना आला कुठून, पावसाच्या पाण्यात तर तो नसतो? चौकशी केली तर डिसेंबरपासून अर्धवट रिकाम्या टाकीत बोअरचं पाणी सोडलं जात होतं. इथल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी कठीण, त्यातला चुना ड्रिपरच्या तोंडाशी सुकून धरतो. सायीवर तो आणखी पक्का बसतो. पावसाचं पाणी संपवून टाकी निथळल्यावरच बोअरचं घ्या, मिसळू नका.

सायीसाठी लिटरला १० ते २० मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी नळ्यांत भरून अर्धा-एक तास ठेवा आणि मग प्रत्येक नळीची टोपी काढून, नितळ पाणी येईपर्यंत धुऊन काढा. चुन्यासाठी काढलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. संपूर्ण लाइनला आम्ल द्यायचं काम ठिबकच्या जाणकाराकडूनच करून घ्या. क्लोरीन आणि आम्ल एकाच दिवशी, एकाच टाकीत, एकाच नळीत कधीही नको. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. फिल्टर १२० मेशचा डिस्क फिल्टर असू द्या, साध्या जाळीपेक्षा तो साय चांगली अडवतो. बाकी महिन्यातून एकदा टोप्या काढून नळ्या धुणं, हे एक काम केलं तरी निम्मे ड्रिपर वाचतात.

छतावरची तोंडंही याच फेरीत बघून घ्या. पाइपाच्या तोंडाभोवती वीतभर गोटे आणि वर जाळीची पेटी हवी, माती थेट भिडलेली नको. पिंपळाचं बोटभर रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट काढा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याची मुळं पाइपात शिरलेली असतात.

छतावरच पाणी साठवता येईल का?

टाकीचा हा व्याप बघून समितीत हा प्रश्न येतोच. ॲमस्टरडॅममध्ये अशी छतं आहेत: मातीखाली पोकळ खोकी, त्यात पाणी, आणि ते वातींसारख्या धाग्यांनी वर झाडांना मिळतं. पंपाची गरज पडत नाही. कल्पना मला फार आवडते. पण १० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो, भिजलेल्या मातीच्या वजनाशिवाय. आधीच बांधलेल्या छतावर तेवढा भार धरलेला नसेल तर हा विषय तिथेच थांबवा. नवी इमारत असेल तर आर्किटेक्टकडे नकाशाच्या टप्प्यावरच बोला.

बाणेरला मेचं खत बंद करून दोन पावसाळे झाले. गेल्या ऑगस्टमध्ये छतावरची बाटली फिक्या लिंबू सरबतासारखी होती आणि मीटरवर १३० पीपीएम. दिवाळीत झाकण उघडलं तेव्हा ओल्या मातीचा वास आला, टाकी त्या वेळी चौथाई उरली होती. एका कोपऱ्यातली लाइन अजून तुंबते. तिथे कडुलिंबाची पानं थेट पाइपाच्या पेटीवर पडतात, म्हणून या जूनच्या आधी ती पेटी मोठी करून घेणार आहे.